सातवी सीट आणि आत्याचे बासष्ट किलो

४ मार्च

प्रिय आत्या,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधीच सांगतो, सगळे जिवंत आहेत. तू घरच्यांचे फोन उचलत नाहीस आणि वजनकाट्याच्या केबिनमध्ये फोन केला की ‘ट्रकचा नंबर सांगा’ म्हणून खेकसतेस. म्हणून हा कागद.

बातमी अशी की मी गाडी घेतली. सात सीटची, उंच, काळी. नवी नाही, पण मला नवीच. आधीच्या मालकाने पुढे लोखंडी गार्ड बसवलंय, त्यामुळे समोरून बघितलं की गाडी कुणावर तरी डाफरते आहे असं वाटतं. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावतो आणि मधेच खिडकीतून गाडीकडे बघून घेतो. परवा या नादात एका बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लागला.

वीस एप्रिलपासून आठ दिवस घाटावरच्या तळ्याकाठी एक घर घेतलंय. मी, बायको, दोन्ही पोरं, सासूबाई आणि अण्णा असे सहा झालो. सातवी सीट तुझी. तुझा काटा घाटाच्या पायथ्याशी, आमच्या रस्त्यावरच आहे. थांबायचं, तुला उचलायचं, की निघालो.

अण्णांचं म्हणशील तर, अकरा वर्षं तुम्ही बहीण-भाऊ बोलत नाही आणि का ते दोघांनीही मला कधी धड सांगितलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, आत्याला बोलावतोय. ते नखं कापत होते. कापत राहिले. नाही म्हणाले नाहीत. त्यांचा एकूण स्वभाव बघता याला मी होकार धरतो.

सामानाची चिंता नको. टपावर कॅरियर आणि त्यावर पेटी आहे. सहा बॅगा, पोरांची फुगवायची बोट, हत्यारांचा डबा, पाण्याचे दोन मोठे कॅन आणि सासूबाईंची मागे रेलायची खुर्ची. कमरेच्या ऑपरेशनपासून त्यांना दुसऱ्या कशावर बसवत नाही. गाडी दोन टन ओढते असं पुस्तकात छापलंय. तू फक्त हो म्हण.

तुझा भोपळ्या

९ मार्च

चि. भोपळ्या,

हे नाव तुला मी दिलं. जन्मलास तेव्हा चार किलो दोनशे भरलास. माझा विश्वास बसेना म्हणून मी नर्सला तुला दोनदा काट्यावर ठेवायला लावलं. तेव्हा वजनाच्या बाबतीत मला शहाणपण शिकवू नकोस.

गाडी दोन टन ओढते म्हणजे मागे गाडा जोडला तर ओढते. पाठीवर घेत नाही. तू सासूबाईंना खुर्चीसकट दिवाणखान्यातून ओढत नेशील, मान्य. खांद्यावर घेऊन दाखव.

आता नीट वाच. ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर एक पट्टी आहे, तिच्यावर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. गाडी, माणसं, सामान, सगळं धरून याच्या वर जायचं नाही. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. उरेल तेवढंच तुझं. त्यात तुम्ही सगळे, बॅगा, कॅरियर, ते डाफरणारं गार्ड आणि तुझ्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा आल्या. सात सीट आहेत म्हणजे सात माणसं बसतात. सात माणसं आणि त्यांचा संसार बसतो असं कुणीही छापलेलं नाही.

आणि ‘इंजिनाला काही वाटत नाही’ हे मला लिहू नकोस. प्रत्येक ड्रायव्हर हेच ऐकवतो. इंजिनाला विचारतंय कोण? थांबवायचं ब्रेकने आणि पेलायचं टायरने. बावीस वर्षं या खिडकीत बसून चढताना अडलेल्या गाड्या मी थोड्या बघितल्या. उतरताना न थांबलेल्या जास्त.

सगळ्यांची वजनं कळव. खरी. माझे बासष्ट धर.

येणार की नाही ते मागाहून. आणि मला पार मागच्या सीटवर कोंबायचा विचार असेल तर आत्ताच सांग, कारण मला खिडकी लागते. तुझ्या बापाला विचार. लहानपणी बसमध्ये खिडकीपायी त्याने माझी वेणी धरली होती आणि मी त्याचा कान. शेवटच्या थांब्यापर्यंत दोघांनीही सोडलं नाही.

आत्या

१४ मार्च

प्रिय आत्या,

पट्टी सापडली. अक्षरं इतकी बारीक की ती लेकीने वाचून दाखवली. मी चष्मे विकतो हे तिने शाळेत सांगायचं बंद केलंय.

कमाल एकूण २५१० किलो. पुस्तकात रिकामी गाडी १९६०. उरले ५५०.

आता आम्ही. मी ऐंशी. बायको अठ्ठावन्न, हा आकडा तिने मला खोलीबाहेर काढून, दार लावून मिळवला. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणून साठ धरतो. लेक शेहेचाळीस, धाकटा छत्तीस. अण्णा एक्याऐंशी, त्यांनी न विचारता सांगितलं. तुझे बासष्ट. झाले चारशे तेवीस. सामान असून असून सव्वाशे. म्हणजे दोन किलो शिल्लक! खिशातल्या किल्ल्यासुद्धा बसल्या.

तू पुरावा मागशील हे ओळखून रविवारी सगळ्यांना घेऊन, सगळं सामान लादून बाजाराजवळच्या वजनकाट्यावर गेलो. गाडीत बसून: २६४०. मग आम्ही उतरलो, सामान उतरवलं, गाडीशेजारी शिस्तीत रांगेत उभे राहिलो आणि रिकाम्या गाडीचं वजन घेतलं: २६००.

म्हणजे आम्ही सहा जण, सहा बॅगा, बोट, खुर्ची आणि पाणी मिळून चाळीस किलो.

मला जरा शंका आली, पण सासूबाई इतक्या खूश झाल्या की बोलायचं धाडस झालं नाही. परतताना त्यांनी स्वतःहून आइस्क्रीम मागितलं. एक तर तो काटा बिघडलाय, नाहीतर पट्टीवरचे आकडे कंपनीच्या थापा आहेत. तुला काय वाटतं?

भोपळ्या

१९ मार्च

चि. भोपळ्या,

मला काय वाटतं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तुझं पत्र मी केबिनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की रांगेतला ट्रकवाला खाली उतरून पाणी घेऊन आला.

गाडीशेजारी रांगेत उभे राहिलात. कुठे? काट्याच्या पोलादी फळीवरच! ती रस्त्याच्या बरोबरीने असते, म्हणून तुला ती रस्ताच वाटली. अरे, माणूस गाडीत बसलाय की शेजारी हाताची घडी घालून उभा आहे याच्याशी काट्याला काय घेणं? तुम्ही सगळं खाली उतरवलंत आणि परत त्यालाच मोजायला दिलंत.

मग चाळीस किलो गेले कुठे? तुझा धाकटा मधेच कुठेतरी गेला होता. पाणी प्यायला नाहीतर कुत्रं बघायला. विचार त्याला. छत्तीसचा आहे, पण आमचे काटे वीस-वीसच्या टप्प्याने बोलतात, त्यामुळे चाळीस दिसले. बाकी तुम्ही सगळे तिथेच होतात, सासूबाई धरून. त्यांना सांगताना मी जवळ असते तर बरं झालं असतं.

आता हसणं पुरे. पहिला आकडा खरा आहे. पट्टीवर २५१० आणि तुम्ही २६४०. मी न बसताच एकशे तीस किलो जास्त. तुझ्या घरात वजनाबद्दल कुणीतरी खोटं बोलतंय आणि माझा संशय एकट्या सासूबाईंवर नाही. सामान सव्वाशे म्हणतोस, ते दुप्पट आहे. पाण्याचे कॅन तळ्याकाठी कशाला नेतोस ते तूच जाणे. आणि ते लोखंडी गार्ड कंपनीने बसवलेलं नाही, म्हणजे पुस्तकातल्या १९६० मध्ये ते नाही.

घाटात अठ्ठावीस वळणं आहेत. एवढं लादून माझ्या काट्यावर आलात तर जे दिसेल तेच मी पावतीवर लिहीन. भाचा म्हणून एक किलो कमी होणार नाही.

माझी वाट बघू नका. सातवी सीट रिकामी ठेवा, तेवढंच ओझं कमी.

आत्या

२५ मार्च

आत्या,

रागात पत्र टाकू नये असं बायको म्हणाली म्हणून दोन दिवस थांबलो. राग गेला नाही, म्हणून टाकतोय.

धाकटा कुत्रंच बघायला गेला होता. ते जाऊ दे.

मी तुला एक साधी गोष्ट विचारली, येतेस का. तू मला ब्रेक, टायर आणि वळणं पाठवलीस. सगळं खरं असेल. पण तुला यायचं नाही आणि ते सरळ म्हणायचं नाही, म्हणून तू आकड्यांच्या मागे लपते आहेस असं मला वाटतं. अण्णांशी जे काही झालं तेव्हाही असंच काहीतरी झालं असणार. तू तुझ्या आकड्यावर अडून बसलीस आणि ते तुटले.

अण्णा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात दवाखान्यात तीन दिवस होते. तुला कळवू नको म्हणाले म्हणून कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी औषधाच्या गुंगीत ‘ठमी आली का?’ म्हणून दोनदा विचारलं. शुद्धीवर आल्यावर कबूल करत नाहीत. या घरात तुला ठमी म्हणणारं दुसरं कुणी आहे का?

सहल-बिहल बहाणा होता. मला तुम्हा दोघांना एका गाडीत बसवायचं होतं. ते काही जमत नाही.

भोपळ्या

३० मार्च

भोपळ्या,

तीन दिवस दवाखान्यात होता आणि मला कळवलं नाहीत. पत्र हातात घेऊन मी इथे एकटी बसून रडले. ट्रकवाल्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी सगळ्यांना हाकललं.

आता ऐक, कारण तुला कुणी सांगितलेलं नाही आणि तू भलतंच धरून बसला आहेस.

अकरा वर्षांपूर्वी तुझा बाप ट्रक चालवत होता, हे तुला माहीत आहे. फरशा भरून तो माझ्या काट्यावर आला. तेराशे चाळीस किलो जास्त. पुढे दोनशे पावलांवर चौकी, तिथे माझी पावती बघतात. दादा खिडकीत आला, हसला आणि म्हणाला, “ठमे, बरोबर लिही, म्हणजे कमी लिही. एवढ्याने काय होतंय?”

मी लिहिलं ते काट्यावर होतं ते. चौकीवर जास्तीचा माल उतरवला आणि ती खेप झाल्यावर महिनाभर परवाना जमा. सगळ्या ट्रकवाल्यांसमोर. जाताना तो खिडकीत येऊन म्हणाला, “सख्ख्या भावाची गाडी अडवलीस. आजपासून भाऊ मेला समज.” मी समजले नाही. पण मीही गेले नाही. वाटायचं, चूक माझी नाही तर मी का जाऊ? हे खरं कारण. आकडेबिकडे काही नाही.

तुझी गाडी जड आहे हे मी लपायला म्हणून लिहिलं नाही. त्यात तुझी पोरं आहेत आणि तुझा बाप आहे. पण येत नाही म्हणून लिहिलं ते मात्र घाबरून. तो गाडीतून उतरून माझ्याशी बोलला नाही तर, याला घाबरून. ते तू बरोबर ओळखलंस.

तब्येत कशी आहे ते कळव. हे पत्र त्याला दाखवू नकोस.

आत्या

६ एप्रिल

प्रिय आत्या,

दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवून दुकानात गेलो. मुद्दाम.

संध्याकाळी घरी आलो तर दिवाणखान्याच्या मधोमध वजनाचा काटा. अण्णा शेजारी वही घेऊन उभे, टीव्ही बंद. “चला, एकेक जण या,” म्हणाले. या आवाजात ते पूर्वी क्लीनरला हाक मारायचे. मी अठ्ठ्याऐंशी. बायको चौसष्ट. माझ्या आठांवर ती हसली आणि तिच्या सहांवर मी हसलो नाही, इतकी अक्कल मला आहे. सासूबाई म्हणाल्या, माझी कंबर. अण्णा म्हणाले, कंबरेसकट या. एकोणऐंशी. जेवताना त्या रुसून बसल्या, पण दोनदा वाढून घेतलं.

मग सामान. गार्ड पान्याने सोडून काढलं, एकटं पंचेचाळीस किलो. कॅरियर, पेटी, कॅन गेले. बॅगांवर रडारड झाली. बोट गेली तेव्हा तर धाकट्याने जेवण सोडलं, अर्धा तास. सासूबाईंची खुर्ची राहिली, कारण अण्णा म्हणाले, “माणूस पोचल्यावर बसणार कुठे?”

वहीवर शेवटची बेरीज तुझे बासष्ट धरून २५१७ आली. सातच किलो जास्त! मी उडी मारली. म्हटलं, “अण्णा, जमलं! सात किलो म्हणजे काय, एवढ्याने काय होतंय?”

आत्या, अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणालातरी धक्का मारला. वही मिटली आणि खोलीत गेले. दोन दिवस झाले, जेवणाचं ताटही खोलीतच मागवतात. काहीतरी लिहीत बसतात आणि मी आलो की कागदावर हात ठेवतात. मला वाटतं, मी सगळं घालवलं. माफ कर.

तब्येत ठीक आहे. औषधं घेतात आणि चव वाईट म्हणून डॉक्टरला शिव्या देतात.

भोपळ्या

८ एप्रिल

ठमे,

हे पत्र पोराला न सांगता टाकतो आहे. त्याला वाटतं त्याने माझं मन दुखावलं. वाटू दे दोन दिवस. आम्हाला काट्याच्या फळीवरच रांगेत उभं करणाऱ्याला तेवढी शिक्षा हवीच. मला ते तेव्हाच कळलं होतं, मी मुद्दाम गंमत बघत होतो.

तो ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणाला तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. तुझ्या खिडकीतला.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. त्या दिवशी चौकीवर माल उतरवून मी पुढे गेलो, तुला शिव्या घालत. घाट चढून पलीकडच्या उतारावर तिसऱ्या वळणावर ब्रेक पायाखाली मऊ लागला. जळका वास आला. गिअरवर गाडी आवळत आवळत कशीबशी कठड्याला टेकवली. उतरून बघितलं तर चाक आणि दरी यांच्यामध्ये माझा एक हात मावला असता. क्लीनर खाली बसून रडायला लागला. ते तेराशे चाळीस किलो आत असते तर हे पत्र लिहायला मी नसतो. हे मला तिथेच कळलं, त्याच दुपारी. आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. सगळ्यांसमोर बोललो होतो, आता परत येऊन कसं सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. तुझी वहिनी गेली तेव्हापासून घरात मला मूर्ख म्हणणारंही कुणी नाही, नाहीतर इतकी वर्षं लागली नसती.

मी चुकलो, ठमे. तुझी पावती अजून माझ्या पाकिटात आहे. घडीवर फाटली आहे, आकडा दिसतो.

आता हिशेब. पोराने तुझे बासष्ट धरले आहेत. तू दरवर्षी एवढेच सांगायचीस, लग्नातसुद्धा. मी शहात्तर धरले आहेत. म्हणजे सात नाही, एकवीस किलो जास्त होतात. मी एक्याऐंशीचा. मी उतरलो की प्रश्न मिटतो, धाकट्याची बोटसुद्धा बसते. म्हणून मी त्या दिवशी बसने वर जातो. तू गाडीत बस, पुढे, खिडकीशी. वर पोचल्यावर भेटू. तुझ्याशी तिथे बोलायचं आहे, पोरांसमोर.

येशील ना?

दादा

१३ एप्रिल

दादा,

मूर्ख आहेस. घे, आता म्हणणारं कुणीतरी झालं.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ती हात मावण्याएवढी जागा डोळ्यांसमोरून हलत नाही. अकरा वर्षं मी इथे पावत्या फाडत बसले आणि तू जिवंत आहेस हे माझ्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नाही. त्या क्लीनरला तरी धाडायचं होतंस.

शहात्तर नाही, अठ्ठ्याहत्तर. आज सकाळी पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. हे त्या भोपळ्याला सांगितलंस तर बघ.

भोपळ्याला एवढंच सांग की वीस तारखेला गाडी आधी माझ्या काट्यावर चढवायची, आणि उतरलेल्या माणसांनी फळीच्या बाहेर उभं राहायचं. मी त्याला पावती देणार आहे. तीत बोट असेल, खुर्ची असेल, सासूबाई असतील. पाण्याचे कॅन दिसले तर परत पाठवीन.

त्या पावतीत तू नसशील आणि मीही नसेन. मी गाडीत बसणार नाही. बस अकरा वाजता माझ्या केबिनसमोर थांबते. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर दोघांपुरती जागा धरून ये. वर पोचायला पाऊण तास लागतो, अठ्ठावीस वळणं आहेत. काय बोलायचं ते तिथेच बोल, पोरं नकोत.

आणि आधीच सांगून ठेवते. खिडकी माझी.

ठमी